ज्याच्या घरी डीव्हीआर

ज्या सोसायटीला ऑफिस नसतं, तिचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, कोणाच्या तरी घरी मुक्कामाला जातो. मुंबईतल्या जुन्या, बिनलिफ्टच्या, तीन मजली इमारतींत हे ठरलेलंच आहे. मीटरच्या खोलीत उंदीर, पंपाच्या खोलीत ओल आणि वॉचमनच्या केबिनमध्ये धड एक खुर्ची मावत नाही. मग सेक्रेटरीच्या नाहीतर खजिनदाराच्या हॉलमध्ये कोपरा शोधला जातो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत तो कोपरा आमचा निघाला. आम्ही तळमजल्यावर, कॅमेऱ्यांच्या वायरी डक्टमधून उतरतात त्या थेट आमच्या खिडकीशी, आणि खजिनदार मी. सभेत यावर चर्चासुद्धा झाली नाही. ठराव मंजूर, चहा आला.

डबा दिसायला साधासुधा. चपटा, काळा, आमच्या शू रॅकच्या वरच्या फळीवर. पाठीमागे आठ बीएनसी, म्हणजे पिळून बसवायच्या त्या गोल पिना, आणि त्यांतून बाहेर पडणाऱ्या जाड वायरी. कॅमेरावाले त्या वायरीला ‘थ्री प्लस वन’ म्हणतात. एक जाड वायर चित्राची, बाकी तीन बारीक. त्यांतल्या दोन बारा व्होल्टला लागतात, तिसरी बहुतेक ठिकाणी नुसतीच लोंबत असते. शेजारी जाळीच्या पेटीतला एसएमपीएस, म्हणजे कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा. दिवसा हे काही जाणवत नाही, पण रात्री पंखे मंद झाले की हार्ड डिस्कची घरघर ऐकू येते. पहिले काही दिवस सासूबाईंनी तक्रार केली. मग मुलीने डीव्हीआरची एचडीएमआय वायर टीव्हीला जोडून दिली आणि तक्रार बंद झाली. दुपारची मालिका संपली की सासूबाई रिमोटने इनपुट बदलून कॅमेरा नंबर तीन लावतात. तीन नंबर म्हणजे गेट आणि जिन्याची पहिली चार पावलं.

हा डबा करतो काय, तर लिहितो आणि पुसतो. लिहिण्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पुसण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आमचे सेक्रेटरी नव्या भाडेकरूला ठासून सांगायचे, ‘‘आपल्याकडे महिन्याभराचं रेकॉर्डिंग असतं.’’ खजिनदार असल्यामुळे मला हिशेब करायची खोड आहे. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट लिहितो असं धरलं, तर आठ कॅमेऱ्यांचे सोळा मेगाबिट, म्हणजे दोन मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे रोज साधारण १७३ जीबी. आमची डिस्क दोन टीबीची. साडेअकरा दिवसांत भरली की सर्वांत जुना दिवस पुसून त्यावर आजचा दिवस चढतो. एच.२६५, म्हणजे चित्र जास्त दाबून साठवायची पद्धत, चालू करून बिटरेट निम्म्यावर आणला तर तेवीस दिवस. महिना काही होत नाही. हे मी सेक्रेटरींना कागदावर मांडून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘वहिनी, महिना म्हणजे अंदाजे हो.’’

बरीच वर्षं हे असंच चाललं होतं. काही झालं तरच डबा उघडायचा. कोणाच्या गाडीला खरचटलं, कोणाची सायकल गेली, टाकीचं झाकण कोणी उघडं टाकलं, की चार माणसं आमच्या हॉलमध्ये स्टुलं घेऊन बसायची आणि माऊसने पट्टी मागेपुढे सरकवायची. आठ पटीने पळवलेला जिना पाहत चहा प्यायचा. मग एका सर्वसाधारण सभेत तिसऱ्या मजल्यावरून मागणी आली, ‘‘मोबाईलवर दिसलं पाहिजे. सगळीकडे दिसतं. शेजारच्या टॉवरमध्ये दिसतं.’’ शेजारचा टॉवर हा आमच्या सभेत नेहमी येतो आणि त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही.

डीव्हीआर नेटवर्कवर घ्यायचा म्हणजे कुठल्या नेटवर्कवर, हा प्रश्न मी विचारला तेव्हा सगळे माझ्याकडेच पाहत होते. सोसायटीच्या नावाने इंटरनेट नाही. डबा आमच्या घरी, राउटर आमच्या घरी. ‘‘तुमच्याकडे अनलिमिटेडच आहे ना?’’ पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी हसत विचारलं.

कॅमेऱ्याचा मुलगा रविवारी आला. विशीतला, कमरेला पक्कड, खांद्यावर लॅन केबलचं भेंडोळं. राउटर टीव्हीमागे, डबा दाराशी, त्यामुळे केबल पूर्ण हॉल वळसा घालून न्यायची होती. त्याने ती छताच्या पट्टीआडून इतकी सफाईने नेली की आजही पाहुण्यांना दिसत नाही. मग खाली मांडी घालून त्याने टोक सोललं. आत चार जोड्या, पिळलेल्या. त्या उलगडून त्याने आठही तारा बोटांच्या चिमटीत ओळीने लावल्या : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तोंडाने पुटपुटत होता, संध्या म्हणावी तसा. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी का घुसवायची, असं मी विचारलं. ‘‘काकू, असंच असतं,’’ एवढंच उत्तर. पुढे मुलीने सांगितलं की शंभर मेगाबिटच्या पोर्टला एक, दोन, तीन आणि सहा एवढ्याच पिना लागतात. म्हणजे नारिंगी आणि हिरवी जोडी काम करते, निळी आणि तपकिरी सोबतीला. मुलाने तारा एका रेषेत कापल्या, प्लगमध्ये सारल्या, क्रिम्पिंगच्या पकडीने कट्कन दाबलं. राउटरचा दिवा लुकलुकायला लागला. इथपर्यंतचं काम अर्ध्या तासाचं.

‘‘आता पासवर्ड सांगा काकू.’’

वायफायचा नव्हे, राउटरचा. पूर्वीच्या पद्धतीने जोडायचं तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करावं लागतं : बाहेरून अमुक पोर्टवर, म्हणजे राउटरच्या अमुक नंबरच्या दारावर, कोणी आलं तर त्याला घरातल्या अमुक पत्त्यावर पाठव. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता वाटतो. टीव्हीला एक, मोबाईलला एक, डीव्हीआरला एक. तो डीव्हीआरचा पत्ता पक्का करून ठेवायचा, नाहीतर वीज जाऊन आली की बदलतो. मुलाने ते सगळं केलं आणि बाहेरून उघडून पाहिलं, तर काहीच नाही. पुन्हा केलं, नाही. मग त्याने राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला आणि मान हलवली. ‘‘शंभर-चौसष्टचा आहे. होणार नाही.’’

ही भानगड समजून घ्यायला मला मजा आली, म्हणून थोडं थांबते. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगाची माणसं आणि त्यांचे फोन पाहता ते पुरणार कुठून? २०११च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. तेव्हापासून अनेक केबलवाले आणि मोबाईल कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच खरा पत्ता देतात आणि आत १००.६४ पासून सुरू होणारे खासगी पत्ते वाटतात. घरातून बाहेर जाणारं सगळं नीट जातं, उत्तरही परत येतं. पण बाहेरून आपणहून कोणी आत येऊ म्हणेल, तर पाकिटावर चाळीचं नाव आहे आणि खोली नंबर नाही, अशी गत. पोस्टमन खालच्या खालीच परत. यावर उपाय म्हणजे केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला एकट्याचा पक्का पत्ता, घ्यायचा, दरमहा जास्तीचे पैसे भरून. ते कोण भरणार, यावर आणखी एक सभा झाली असती.

मुलाने दुसरा मार्ग काढला, जो आता सगळेच काढतात. डीव्हीआरच्या मेनूत पी-टू-पी चालू केलं, स्क्रीनवर क्यूआर कोड आला, मोबाईलवर ॲप टाकून तो स्कॅन केला. जिना माझ्या तळहातावर. यात युक्ती अशी की डबा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला आतून हाक मारून ठेवतो. मोबाईलही त्याच सर्व्हरला विचारतो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो आणि जमलं तर बाजूला होतो. नाही जमलं तर चित्र त्याच्याच मार्फत फिरतं. पोर्ट उघडावं लागत नाही ही जमेची बाजू. मात्र आपल्या जिन्याची ओळख आता कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरला झाली, हेही खरंच.

उघड्या पोर्टांचं काय होतं ते २०१६ साली जगाने पाहिलं. ‘मिराई’ नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर फिरून कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर शोधायचा आणि कारखान्यातून येतात ते साठेक ठरलेले पासवर्ड लावून पाहायचा. ॲडमिन-ॲडमिन, ॲडमिन-एक-दोन-तीन-चार. लाखभर डबे त्याच्या ताब्यात गेले, मालकांना पत्ता नाही. कारण रेकॉर्डिंग चालूच होतं. २१ ऑक्टोबर २०१६ला त्याच्याच जोरावर डिन या, संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या, अमेरिकेतल्या कंपनीच्या सर्व्हरवर इतकी गर्दी लोटली गेली की ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कित्येक तास अडखळली. योगायोग असा की त्याच ऑक्टोबरात मुंबई पोलिसांच्या शहरभरच्या कॅमेरा-जाळ्याचं लोकार्पण झालं. २६/११ नंतर ज्याची चर्चा चालली होती, ते साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचं जाळं. आपल्याकडे एप्रिल २०२५पासून विक्रीला येणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरक्षेच्या निकषांवर तपासणी सक्तीची झाली आहे. भिंतीवर आधीच ठोकलेल्या कॅमेऱ्यांना तो नियम कुठून पोचणार? त्यांना वाली एकच, पासवर्ड. आणि सोसायट्यांचा पासवर्ड काय असतो हे मुंबईत कोणालाही विचारा. इमारतीचं नाव आणि पुढे एकशे तेवीस.

मुलीने रात्री घरी आल्यावर हे सगळं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘आई, सोसायटीचा डबा आणि तुझं बँकेचं काम एकाच नेटवर्कवर?’’ तिने जुना राउटर माळ्यावरून काढला. आता डीव्हीआर बाहेरच्या राउटरवर आणि आमचे फोन, लॅपटॉप, टीव्ही सगळे आतल्या राउटरच्या मागे. उलटं केलं तर चालत नाही म्हणाली, कारण आतला माणूस बाहेर डोकावू शकतो, बाहेरचा आत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी मला हलवून उठवलं. ‘‘अगं, हा दूधवाला टीव्हीत साडेसातला येतोय. आत्ता तर पाच वाजलेत.’’

त्यांचं बरोबर होतं. नेटवर्क मिळाल्याबरोबर डब्याने इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतली होती, पण त्याचा टाइम झोन कारखान्यातला होता, ग्रिनिचच्या आठ तास पुढचा, म्हणजे चीनचा. आपण साडेपाच तास पुढे. वेळ सेकंदापर्यंत अचूक आणि अडीच तास चुकीची. आधी, नेटवर्क नसताना, डब्याचं घड्याळ आपल्या मर्जीने दर महिन्याला थोडं पुढे-मागे जायचं आणि आम्ही मनात वजाबाकी करून घ्यायचो. या शहराला त्याची सवयच म्हणायची. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईकरांनी आपली ३९ मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती १९५५पर्यंत तग धरून होती. एकाच गावात दोन घड्याळं चालवणाऱ्यांच्या नातवंडांना डीव्हीआरच्या सात मिनिटांचं काय कौतुक?

पण कौतुक असायला हवं. मागे दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची सायकल गेली तेव्हा आलेल्या हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला तो चोराचा नव्हे, घड्याळाचा. त्यांनी मोबाईल स्क्रीनशेजारी धरला आणि कागदावर लिहून घेतलं : डीव्हीआरमधली वेळ इतकी, प्रत्यक्ष वेळ इतकी, फरक इतका. मग फुटेज पेनड्राइव्हवर घेतलं. न्यायालयात असं फुटेज द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. त्याच्या नमुन्यात आता फाइलची हॅश किंमतही (फाइलवरून निघणारा तिचा ठराविक आकडा) नोंदवावी लागते, म्हणजे नंतर कोणी फाइलमध्ये ढवळाढवळ केली तर आकडा जुळणार नाही. आणि डबा कोणाच्या ताब्यात होता हा प्रश्न येतोच. म्हणजे उद्या वेळ आली तर सही माझी. तेव्हापासून मी घड्याळाच्या बाबतीत फार कडक झाले आहे. माझं तर मत असं की डीव्हीआर नेटवर्कवर घेण्याचं एकच निर्विवाद कारण आहे, ते घड्याळ. फार तर जोडीला आणखी एक धरा : डिस्क बिघडली किंवा एखादा कॅमेरा बंद पडला तर डब्याला ते सांगता येतं. पावसाळ्यात आमच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्याची बीएनसी गंजते, चित्रावर आडव्या रेघा येतात आणि एक दिवस पडदा काळा होतो. पूर्वी हे चोरी झाल्यावर कळायचं, आता त्याच संध्याकाळी कळतं.

लाइव्ह पाहणं हे कारण म्हणून मला कधीच पटलं नाही, आणि पुढच्या काही आठवड्यांत जे झालं त्याने तर मुळीच नाही.

कॅमेऱ्याच्या मुलाने जाताना एकच लॉगिन सगळ्यांना देऊन ठेवलं होतं. सोळा घरं, एक पासवर्ड. पहिला आठवडा नव्या नवलाईत गेला. मग व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट यायला लागले. कचऱ्याची पिशवी जिन्यात ठेवली कोणी. कामाला येणाऱ्या मावशी साडेआठऐवजी नऊला आल्या, त्यावर लाल गोल. सामान आणणारा मुलगा पंख्याखाली दोन मिनिटं बसला. पहिल्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी गेटपाशी कोणाशी तरी बोलत उभी, खाली फक्त एक प्रश्नचिन्ह. एकदा तर पहाटे तीनला ग्रुप खणाणला. तिसऱ्या मजल्यावरच्यांचा मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच, ऑफिस सुटायची वेळ. त्याने ॲप उघडलं आणि लिहिलं, ‘‘वॉचमन इज स्लीपिंग.’’ वॉचमनमामा साठीचे, बारा तासांची ड्युटी, खुर्चीला पाठ नाही. इन्फ्रारेडच्या त्या पांढुरक्या चित्रात त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि कॅमेऱ्यासमोरच्या जाळ्यातला कोळी त्यांच्याहून मोठा दिसत होता.

आमच्या इमारतीत फुटेजचा उपयोग झाला तो दर वेळी घटना होऊन गेल्यावर. लाइव्ह पाहून कोणी चोर पकडला असं एकदाही झालेलं नाही. लाइव्हमध्ये सापडतात ती इथे कामाला येणारी माणसं आणि इथली तरुण पोरं. बाकीचे सगळे सोळा घरांतले आणि त्यांना जिन्यात कॅमेरा कुठे आहे ते पाठ आहे. चोराला तर हवंच असतं की सगळ्यांनी मावशींच्या वेळेकडे पाहावं.

त्यात आणखी एक घरगुती कारण. एकाच वेळी पाच-सहा जण ॲप उघडून मोठं चित्र मागायचे की आमच्या राउटरचं अपलोड तेवढ्यात संपायचं आणि ह्यांची मीटिंग अडकायची. प्रत्येक कॅमेऱ्याचं एक मोठं चित्र असतं आणि मोबाईलसाठी एक हलकं, सब-स्ट्रीम. लोकांना मोठंच हवं असतं, मावशींची घड्याळातली वेळ वाचायला.

मी डब्याच्या मेनूत शिरले. त्यात वापरकर्ते वेगळे करता येतात : कोणाला कोणता कॅमेरा, लाइव्ह का प्लेबॅक, बॅकअप घ्यायचा अधिकार आहे का नाही. आणि एका कोपऱ्यात लॉग. कोण, किती वाजता, आत आलं. सगळ्यांचं एकच लॉगिन असल्यामुळे त्यात पानंच्या पानं फक्त ‘ॲडमिन, ॲडमिन’ होतं. मी प्रत्येक घराचा वेगळा वापरकर्ता केला, जुना पासवर्ड बदलला आणि सभेत सांगितलं की आता कोण केव्हा पाहतं ते डब्यात नोंदलं जाईल आणि लॉगची प्रत वार्षिक अहवालाला जोडता येईल. कोणी विरोध केला नाही. पण पाहणं असं काही घटलं की ह्यांची मीटिंग पुन्हा सुरळीत झाली.

अपवाद तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा, ज्यांनी मुळात मागणी केली होती. ते एकटे असतात, गुडघे गेलेले. औषधवाला आला का, गेटपाशी उभा आहे ती बेल त्याचीच का, हे त्यांना खिडकीतून दिसत नाही, आणि चुकीच्या माणसासाठी तीन मजले उतरून पुन्हा चढणं त्यांना परवडत नाही. त्यांच्या लॉगमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ एक एक नोंद असते, मिनिटभराची. त्यांना तीन नंबर लाइव्ह दिला आहे. शेजारच्या टॉवरचं नाव घेऊन त्यांनी सभेत जो आवाज चढवला होता, तो औषधांसाठी होता हे मला लॉग वाचल्यावर कळलं. न्यू जर्सीच्या मुलालाही तीन नंबर हवा आहे, ‘‘बाबांकडे लक्ष ठेवायला.’’ त्यावर बाबांनीच नको म्हणून कळवलं आहे.

राहता राहिलं वीजबिल. आठ कॅमेरे, डबा आणि जादा राउटर मिळून साधारण पन्नास वॉट धरा. चोवीस तास, दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास. हे सगळं आमच्या मीटरवर चालतं. मी रीतसर आकडेमोड करून कागद सेक्रेटरींना दिला आहे. ते म्हणाले, ‘‘वहिनी, पुढच्या सभेत घेऊ,’’ आणि विषयपत्रिकेत तो मुद्दा सर्वांत शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’ याच्या खाली गेला आहे.